कापूस वेचून परतले, आता अभ्यास कुठून धरू?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. द्वितीय वर्षाला आहे, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्याच दिवशी घरी गेले. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) झालं आणि पहिला वेचा सुरू झाला. मजूर मिळेनात, आईचे गुडघे दुखतात, वरून रोज आभाळ भरून यायचं. बाबा म्हणाले, "आठ दिवस थांब." आठाचे पंधरा झाले. कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस उलटल्यावर मी परत आले. हिवाळी परीक्षेला आता महिनाही उरलेला नाही. सात प्रॅक्टिकल रेकॉर्डमध्ये उतरवायचे राहिलेत, त्यातले काही दिवाळीच्या आधीचेच. दोन असाइनमेंट आणि एक सेमिनार बाकी आहे. फील्ड प्रोजेक्टचा विषयसुद्धा ठरलेला नाही. वर्गाच्या ग्रुपवर शेकडो मेसेज पडलेत, उघडायची हिंमत होत नाही. पुस्तक घेतलं की पहिल्या पानापासून सुरुवात करते आणि तिसऱ्या पानावर झोप लागते. मैत्रीण म्हणते, ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आण. बाबा म्हणतात, दर शनिवार-रविवार ये, दुसरा वेचा आला आहे. मी दिवसाला तीसेक किलो वेचते, मजुरी किलोमागे दहा रुपये चालू आहे. दादा पुण्याला कंपनीत आहे, तो दिवाळीला चार दिवस येऊन गेला. घरी असले की अभ्यासाची टोचणी, इथे आले की आईची. वाटतं, या वेळी परीक्षाच देऊ नये, उन्हाळ्यात सगळे पेपर एकदम द्यावेत. मी सगळ्यांच्या खूप मागे पडले आहे. ताई, काय करू?

उत्तर :

तिसऱ्या पानावर झोप लागते, हे तू गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलं आहेस. अगं, जवळपास महिनाभर तू पहाटे उठून स्वयंपाक केलास, डबा बांधून वावरात गेलीस, कमरेला फडकं बांधून उन्हात वाकून वेचलंस. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला घुसतात, बोटांची पेरं चिरून ठेवतात. तशा बोटांनी पेन धरून सलग चार पानं लिहिणंसुद्धा पहिले काही दिवस जड जातं. ज्यांच्याशी तू स्वतःची तुलना करते आहेस, त्यातले काही जण सुट्टीवरून परत आलेत. तू कामावरून आली आहेस. म्हणून सगळ्यात आधी दोन रात्री पोटभर झोप. रात्री दोनपर्यंत जागून सगळं भरून काढायचा बेत आत्ता करू नकोस. दमलेल्या अंगाने रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही, आणि मग आपल्या डोक्यातच काही शिरत नाही असं वाटायला लागतं. त्या वाटण्याने जितकी मुलं शिक्षणातून गळतात, तितकी अवघड अभ्यासक्रमाने गळत नाहीत, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेलं मत आहे.

झोप झाली की वही उघड आणि मोजायला बस. "खूप मागे" म्हणजे किती, ते तुझ्या पत्रात नाही, कारण तू ते मोजलेलंच नाहीस. तुझ्या अभ्यासक्रमाचा हिशेब क्रेडिटवर चालतो. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचा थिअरी पेपर असेल तर अख्ख्या सत्रात त्याचे ३० तास होतात, आठवड्याला दोन. तू दोन आठवडे नव्हतीस, म्हणजे त्या पेपरचे चार तास गेले. ४ क्रेडिटच्या पेपरचे ६० पैकी आठ गेले. प्रॅक्टिकलच्या दोन आठवड्यांच्या पाळ्या चुकल्या. हजेरीचा नियम ७५ टक्क्यांचा धरला, तर ३० तासांच्या पेपरला सात तास चुकले तरी चालतात. दिवाळीच्या आधी तू नियमित बसत असशील, तर हजेरीच्या बाबतीत तू अजून सावरलेली आहेस. तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण कागदावर उतरव. चार तासांचा विषय एका दुपारी समजून घेता येतो. "खूप मागे" या दोन शब्दांचं काहीच करता येत नाही.

मोजताना आणखी एक दिसेल. साचलेलं काम दोन वेगवेगळ्या काळातलं आहे. काही या पंधरा दिवसांतलं, आणि काही ऑगस्ट-सप्टेंबरमधलं, जे तू पुढे ढकलत आलीस. पत्रात दोन्ही एकाच दमात लिहिलं आहेस, म्हणून सगळं कापसामुळेच झाल्यासारखं वाटतं. मी तुला दोष देत नाही. पण पोळा, गौरी, नवरात्र यांच्यामध्ये रेकॉर्ड मागे पडतं, तो भाग वेचणीच्या नावावर घालू नकोस. तो वेगळा आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे. प्रॅक्टिकल झाला त्याच रात्री तो रेकॉर्डमध्ये उतरवायचा, आणि हे घरून परत आल्यावरच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासूनच सुरू करायचं.

आता त्या टायफॉइडच्या सर्टिफिकेटबद्दल. आणू नकोस. खोटा कागद कॉलेजच्या फाइलला लागला की तो तिथेच राहतो, उद्या कुणी रिपोर्ट मागितला तर एका खोट्यासाठी दुसरं खोटं जुळवावं लागतं, हे तर आहेच. मला त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. तू कॉलेजपासून वावर लपवते आहेस आणि घरापासून कॉलेज. सरांना माहीत नाही की तू कुठे होतीस. बाबांना माहीत नाही की प्रॅक्टिकल चुकला तर काय होतं. दोन्हीकडच्या माणसांना तुझं अर्धंच आयुष्य ठाऊक आहे, म्हणून दोन्हीकडून तुझ्याकडे पूर्ण वेळेची मागणी होते. आणि मधला सगळा भार तू एकटी, कुणाला न सांगता वाहते आहेस.

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात कित्येक बाकं रिकामी असतात, आणि ती का रिकामी आहेत ते सरांना कळतं. त्यातले कितीतरी जण स्वतः शेतकऱ्याच्या घरातून शिकून आलेले असतात. कापूस वेचायला थांबले होते, हे सांगण्यात लाज वाटावी असं काही नाही. साधा अर्ज लिही : "घरी कापूस वेचणीसाठी मजूर न मिळाल्यामुळे व आईच्या आजारपणामुळे मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वर्गात उपस्थित राहू शकले नाही. राहिलेले प्रॅक्टिकल व असाइनमेंट पूर्ण करण्याची संधी मिळावी, ही विनंती." खाली तुझी सही, बाबांची सही. एक प्रत स्वतःजवळ ठेव. तो अर्ज घेऊन वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना तास सुरू व्हायच्या आधी भेट, घाईच्या वेळी जिन्यात गाठू नकोस.

भेटल्यावर लांबलचक कहाणी सांगू नकोस, नेमकं विचार. राहिलेल्या प्रॅक्टिकलपैकी कोणते मला पुन्हा करून बघता येतील? असाइनमेंट शेवटची कोणत्या तारखेला चालेल? सेमिनार शेवटच्या आठवड्यात घेता येईल का? "सर, माझं खूप राहिलंय" असं म्हटलं की सर "बघा आता, तुम्हीच ठरवा" म्हणतात आणि बोलणं संपतं. तारीख विचारली की तारीख मिळते. एखादे सर चिडतीलही, आधी का नाही कळवलं म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. ऐकून घे आणि मग तेच तीन प्रश्न पुन्हा विचार.

ग्रुपवरचे मेसेज वरून खाली वाचत बसू नकोस. शुभेच्छा, वाढदिवस, "कुणाकडे नोट्स आहेत का", यातच दोन तास जातील. ग्रुपच्या माहितीत जाऊन फाइल आणि फोटो तेवढे बघ : नोटीस, वेळापत्रक, पीडीएफ. बाकीचं रोज वर्गात बसणाऱ्या एका मैत्रिणीला विचार. प्रत्येक विषयात कोणतं युनिट संपलं, सरांनी "हे परीक्षेला येतं" असं काय सांगितलं, आणि काय जमा करायचं आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

मग अभ्यास. तू पहिल्या पानापासून सुरू करतेस, आणि मला तिथेच हरकत घ्यायची आहे. जिथे सुटलं तिथूनच ओळीने धरायला हवं, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलं आहे. तसं केलंस तर आज वर्गात जे चाललं आहे तेही सुटेल, कारण मागचं झाल्याशिवाय पुढचं ऐकायचं नाही असं तू मनाशी ठरवलेलं असेल. उलट कर. आज ज्या तासाला बसशील, तो त्याच दिवशी पक्का कर. संध्याकाळी अर्धा तास, वही मिटून पाच ओळी आठवून लिही. अडलं तरच मागे जा आणि अडलं तेवढंच बघ. दोन-तीन दिवसांत कळेल की मागच्या चार तासांतला एखादाच भाग खरा नडतो.

मागच्या कामात पहिला नंबर रेकॉर्डचा. प्रॅक्टिकल परीक्षा बहुतेक थिअरीच्या आधी असते आणि सही झालेलं रेकॉर्ड नसलं की तिथेच अडवतात. मैत्रिणीच्या रेकॉर्डवरून आकृत्या छापल्यासारख्या उतरवू नकोस. वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण तोंडी परीक्षेत सर स्लाइड समोर ठेवून "हे काय?" विचारतात तेव्हा तुझ्याजवळ फक्त आकृती असते, ओळख नसते. लॅबवाल्या काकांना आधी सांगून ठेव. मोकळ्या तासाला त्या दिवशीच्या स्लाइड मागून घे. खोडाचा आडवा छेद असेल तर आधी लो पॉवरखाली बघ, डोळ्याने एपिडर्मिसपासून आत आत जा, कॉर्टेक्स कुठे संपतं, व्हॅस्क्युलर बंडल गोलात मांडलेले आहेत की विखुरलेले, ते स्वतः ठरव. मग पेन्सिल उचल. एक आकृती, नावं आणि चार ओळींचं निरीक्षण, पाऊण तास पुरतो. रोज दोन केलेस तर सात प्रॅक्टिकल चार दिवसांत उरकतात. प्रत्येक दोन झाले की सही घेऊन ये, सगळे एकदम नेऊन टेबलावर ठेवू नकोस.

थिअरीला लायब्ररीतून मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढ. प्रश्न युनिटवार मांडलेले असतात. प्रत्येक युनिटमधले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न समोर ठेवून वाचलंस की पुस्तकातली कुठली पानं आधी हवीत ते कळतं. नोट्सचे फोटो काढून ते वहीत उतरवण्यात दिवस घालवू नकोस. हात चालतो, डोकं झोपतं. मैत्रिणीची नोट एकदा वाच, मिटव, आणि खोलीतल्या दोघींपैकी एकीला समजावून सांग.

मराठी माध्यमातून आलेल्या सगळ्याच मुलामुलींसाठी एक सांगते. समजावून सांगताना इंग्रजीची काळजी सोडून दे. आपल्या बोलीत, अगदी वऱ्हाडीत सांग : अन्न पानात तयार होऊन रायलं, मग ते मुळापर्यंत जाते कसं? विषय बोलीत स्पष्ट झाला की संज्ञा इंग्रजीत पाठ करायच्या आणि उत्तराची छोटी छोटी वाक्यं लिहायची. बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आपल्याकडची हुशार मुलं विषयात कच्ची असतात म्हणून मागे राहत नाहीत. इंग्रजी पान पुन्हा पुन्हा वाचण्यात त्यांचे तास जातात. तुझ्या तिसऱ्या पानावरच्या झोपेत याचाही थोडा हात असेल.

फील्ड प्रोजेक्टचा विषय ठरला नाही म्हणतेस. महिनाभर तू ज्या वावरात उभी होतीस, तिथेच तो आहे. वेचताना किडकी बोंडं बाजूला टाकलीस ना? न फुललेलं, अर्धवट उघडलेलं बोंड, आत डाग पडलेला कापूस आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या, हे गुलाबी बोंडअळीचं काम. २०१७ मध्ये याच अळीने विदर्भातल्या कपाशीची दाणादाण उडवली, ते तुझ्या घरीही आठवत असेल. तिची पाहणी करायची पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि किती बोंडांत अळी निघते ते मोजायचं. दोनात निघाली तर १० टक्के, आणि हीच आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. हेच वावराच्या धुऱ्याजवळ आणि मधोमध, तुमच्या आणि शेजारच्या वावरात, असं करून तक्ता मांडता येईल. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावलेले असतील तर त्यात रोज सापडणाऱ्या पतंगांची नोंद घरच्यांकडून घे. सलग तीन रात्री दर सापळ्यामागे रोज आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा असतो. फूल पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं दिसतं, त्या डोमकळीचे फोटो दुसऱ्या कुणाला शोधत फिरावे लागतील, तुला ती पऱ्हाटी पाहता पाहता दिसेल. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, ठेवल्याने अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं मिळतं, हे माहीत असूनही शेतकरी फरदड का घेतो, हे गावातल्या पाच-सहा जणांना विचारलंस तर प्रोजेक्टला माणसांची बाजूही येईल. पुढचं वाचायला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं साहित्य आहे. विषय मात्र सरांना आधी दाखव, त्यांची मान्यता मिळाल्यावरच नोंदी सुरू कर. फील्ड प्रोजेक्टला साधारण २ क्रेडिट असतात, सोडून देण्याइतके ते कमी नाहीत.

आता घर. याबद्दल लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला.

बाबांची भीती खरी आहे, ती आधी नीट समजून घे. फुटलेला कापूस झाडावर राहिला आणि पाणी आलं की तो डागाळतो, भाव पडतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की पैसे कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेतच नाहीत. वर्षभराचा पैसा उघड्यावर असलेला माणूस "ये" म्हणतो, तेव्हा तो तुझ्या शिक्षणाच्या विरोधात नसतो. पण एक विचारते, रागावू नकोस. दादाला कुणी पंधरा दिवस थांब म्हणालं का? नसेलच म्हटलं, कारण त्याची नोकरी आहे, रजा संपली की जावं लागतं, हे घरात सगळ्यांना कळतं. तुझं कॉलेज मात्र थांबवता येण्यासारखं आहे, असं घरात सगळे धरून चालले आहेत, आणि मला वाटतं त्या सगळ्यांत तूही आहेस. प्रॅक्टिकलची पाळी चुकली, हे तू घरी कधी बोललीसच नसशील. अभ्यास हे काम आहे, त्याला हजेरी आहे, त्याच्या तारखा आहेत, हे कुणीतरी घरात मोठ्याने म्हणायला हवं. ते तुझ्याशिवाय कोण म्हणणार?

रागाने म्हणू नकोस, हिशेबाने म्हण. तीस किलो दहा रुपयांनी म्हणजे दिवसाचे तीनशे, दोन दिवसांचे सहाशे. परीक्षेपर्यंतचे चार शनिवार-रविवार धरले तर चोवीसशे रुपयांची मजुरी तू वाचवशील. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी तिकिटाचे पैसे आणि जाण्यायेण्याचे तास त्यातून जातात, आणि सोमवारी तू पुन्हा दमलेली असतेस. चोवीसशे रुपये तुमच्या घरासाठी थोडे नाहीत, हे मला कळतं. पण ती रक्कम दादा पाठवू शकतो. त्याला फोन तू कर, आईला मध्ये घालू नकोस. "माझी परीक्षा होईपर्यंत दर आठवड्याला एका बाईची दोन दिवसांची मजुरी तू दे" एवढंच सांग. नेमकी मागणी असली की भाऊ बहुतेक नाही म्हणत नाहीत, आजवर कुणी मागितलेलं नसतं. पैसे देऊनही मजूर मिळत नसतील, तर शेजारच्या वावरवाल्यांशी आळीपाळीने एकमेकांचा वेचा काढायचं बाबांना सुचव, आपल्याकडे हे नवीन नाही.

इतकं करूनही अडलं, तर चार आठवड्यांतला एक रविवार घरी दे. एक, आणि तो कुठला हे आजच सांगून टाक. सरांची मान्यता आली असेल तर त्याच दिवशी बोंडांच्या नोंदीही होतील. आईच्या गुडघ्यांसाठी मात्र तुझं वेचणं हे औषध नाही. तू चार गाठोडी जास्त वेचलीस म्हणून ती बसून राहणार नाही, ते तुलाही माहीत आहे. तिला ग्रामीण रुग्णालयात दाखवायला कुणी न्यायचं आणि कोणत्या दिवशी, हे त्याच फोनमध्ये दादाशी ठरव.

परीक्षा न देण्याचा विचार. तो थकव्यातून आला आहे म्हणून मी तो उडवून लावणार नाही, त्याकडे नीट बघू. या वेळी सोडलीस तर उन्हाळी परीक्षेत तिसऱ्या सत्राचे सगळे पेपर आणि चौथ्या सत्राचे सगळे पेपर एकत्र येतील. एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट, म्हणजे चाळीसच्या वर, आणि तेही विदर्भातल्या एप्रिल-मेच्या उन्हात. आत्ता बसलीस आणि समज दोन पेपर राहिले, तरी बाकीच्यांचे क्रेडिट तुझ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळवलेल्या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या) खात्यावर जमा होतात, पुन्हा द्यावे लागतात ते फक्त राहिलेले. अपूर्ण तयारीने बसायला लाज वाटते, हे मी समजू शकते. तरी प्रत्येक पेपरला बस. सर्वांत जड वाटतो त्या एका पेपरकडून कमी अपेक्षा ठेव आणि तो वेळ बाकीच्यांना दे. परीक्षेचा फॉर्म भरला आहेस की नाही, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. राहिला असेल तर हे वाचून झाल्यावर उद्याच ऑफिसला जा, उशीर झाला तर विलंब शुल्क भरावं लागतं आणि नंतर तीही मुदत संपते.

दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय नव्या शैक्षणिक धोरणात आहे, आणि तुझ्यासारख्या मुलींच्या घरी ती सध्या बोलली जाते. ती सोय कुणाच्या उपयोगाची असेलही, पण ते ठरवायचं ते निकाल हातात आल्यावर, शांतपणे. नोव्हेंबरात ठरवू नकोस.

हेच प्रश्न इतरही बऱ्याच जणांचे आहेत. रोज एसटीने अपडाऊन करणाऱ्यांना खोली नसते, पण परतीच्या बसची वाट बघण्यात जाणारे दोन तास असतात. ते स्टँडवर घालवण्याऐवजी कॉलेजच्या लायब्ररीत किंवा गावातल्या अभ्यासिकेत घाला, आणि रेकॉर्डचं काम त्याच वेळेसाठी राखून ठेवा, घरी पोचल्यावर ते होत नाही. ज्या मुलांना हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री वावरात जावं लागतं, त्यांनी थ्री फेज लाइनच्या पाळ्या आणि प्रॅक्टिकलचे दिवस एकाच कागदावर लिहावेत. ज्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल आहे, त्याच्या आदल्या रात्रीचं ओलीत काका, भाऊ, शेजारी, कुणाशी तरी बदलून घ्यावं. रात्रभर पाणी दिल्यावर सकाळी मायक्रोस्कोपमध्ये काही दिसत नाही.

आणि मुली, तुझं चौथं सत्र सुरू होईल तेव्हा तूर सोंगायला आलेली असेल, त्यामागे हरभरा. परीक्षा संपली की घरी जाशील, तेव्हा कॉलेजच्या वेबसाइटवरचं पुढच्या सत्राचं वेळापत्रक मोबाइलमध्ये घेऊन जा. बाबांसोबत बसून कुठल्या आठवड्यात वावराला तुझी गरज पडेल आणि कुठल्या आठवड्यात तुला अजिबात हलता येणार नाही, ते आधीच बोलून घ्या. दादालाही त्या वेळी फोनवर घ्या, म्हणजे त्याच्या वाट्याला काय येतं तेही तिथेच ठरेल.